‘पान दाखव!’ : वादविवाद घालत मुलांना कादंबरी कशी शिकवावी

मुलांना पहिल्यांदा कादंबरीवर वाद घालायला बसवलं तेव्हा माझी पुरती फजिती झाली. बारा-तेरा वर्षांची चौदा मुलं, समोरासमोर दोन गट, मध्ये टेबल आणि माझ्या हातात घड्याळ. विषय मी मोठ्या हौसेने काढला होता : ‘मैत्रीसाठी खोटं बोलणं योग्य आहे का?’ चाळीस मिनिटं नुसता कल्ला झाला. वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेल्या एका मुलाने हातवारे करत सभा मारली, टाळ्या पडल्या. नंतर आवराआवर करताना त्याचं पुस्तक माझ्या हाती आलं. खुणेची पट्टी पान ३१ वर होती. पुस्तक अडीचशे पानांचं.

दोष त्याचा नव्हता. पुस्तक न उघडताही जिंकता येईल असा विषय मीच दिला होता. त्यानंतर आमच्या वाचनगटात एकच नियम आला आणि तो आजतागायत टिकून आहे. कोणीही काहीही म्हणालं की समोरचा म्हणू शकतो, ‘पान दाखव.’ पान दाखवता आलं तर मुद्दा राहतो, नाही आलं तर गळतो. खाली जे सांगते आहे ते सगळं या एका नियमाभोवती फिरतं. तुम्ही शिक्षक असा, पालक असा किंवा सुट्टीत चार मुलांना गोळा करून बसणारी मावशी असा, सुरुवात करायला एवढं पुरेल.

आधी एक गोष्ट स्वतःशी ठरवून टाका. आपल्याकडच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. खरं काय ते शोधायला बोलणं म्हणजे वाद. जिंकायला बोलणं म्हणजे जल्प. स्वतः कसलीच बाजू न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत बसणं ही वितंडा, जिच्यावरून आपण ‘वितंडवाद’ म्हणतो. आंतरशालेय स्पर्धांत मुलं बहुतेक जल्प शिकून येतात. त्यात वाईट काही नाही, तो खेळच तसा आहे. पण कादंबरी कळायची असेल तर वाद हवा. म्हणून आमच्याकडे करंडक नाही, गुण नाहीत, ‘उत्कृष्ट वक्ता’ नाही.

पुस्तक कोणतं घ्यावं

ज्यात एखादं पात्र असा निर्णय घेतं की दोन समंजस वाचकांचं त्यावर एकमत होणार नाही, असं पुस्तक घ्या. खलनायक पहिल्या पानापासून काळाकुट्ट आणि नायक दुधात न्हालेला असेल, तर वादाला जागाच उरत नाही. दीडशे-दोनशे पानं पुरेत. एक अट मात्र पाळा : संक्षिप्त आवृत्ती नको. कथानक तिच्यात राहतं, पण वाद ज्यांवर उभा राहतो ते बारकावे हमखास गळतात. अनुवाद चालेल, फक्त तो पूर्ण असावा आणि सगळ्यांकडे एकच आवृत्ती असावी. ते जमत नसेल तर दाखला देताना पानाऐवजी प्रकरणाचा क्रमांक सांगायचा.

उदाहरणासाठी मी या लेखात एकच पुस्तक धरते, रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’. १८८३ साली पुस्तकरूपाने आलेली, ३४ छोट्या प्रकरणांची चाचेगिरीची गोष्ट. लाँग जॉन सिल्व्हर हा एका पायाचा जहाजावरचा स्वयंपाकी आतून चाच्यांचा म्होरक्या असतो, आणि जिम हॉकिन्स नावाच्या पोराशी त्याचं विचित्र नातं जमतं. सिल्व्हर कसा माणूस आहे यावर मुलं तासन्‌तास भांडतात. मोठेही भांडतात.

वाचतानाची चिठ्ठी

वाचून झाल्यावर पुरावे शोधायला बसलं की मुलं कंटाळतात. म्हणून वाचतानाच पुस्तकात कोऱ्या चिठ्ठ्या ठेवायला सांगा. चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहायच्या : पान, काय घडलं आणि हे आपल्याला कोण सांगतंय. आठवड्याला पाच-सहा चिठ्ठ्या झाल्या तरी भरपूर. जास्त मागितल्या की वाचनाची मजा जाऊन गृहपाठ उरतो.

तिसरी गोष्ट मुलांना सुरुवातीला खुळचट वाटते. ‘कोण सांगतंय म्हणजे काय, पुस्तक सांगतंय!’ वाटू द्या. ‘ट्रेझर आयलंड’ची जवळजवळ सगळी कथा जिम सांगतो, पण १६ ते १८ ही तीन प्रकरणं डॉक्टर लिव्हसी सांगतात, कारण त्या वेळी जिम तिथे नसतोच. ही तीन प्रकरणं आली की चिठ्ठीवरचं नाव बदलावं लागतं आणि मुलं थबकतात. मग विचारायचं : डॉक्टरांनी सांगितलेला प्रसंग जिमने सांगितला असता तर तसाच सांगितला असता का? निवेदक म्हणजे लेखक नव्हे, हे व्याख्या न देता इथेच उमगतं.

प्रस्ताव : सगळ्यात जास्त वेळ इथे घाला

प्रस्ताव म्हणजे ज्याच्या बाजूने आणि विरोधात बोलायचं ते एक वाक्य. नवखे लोक इथेच घसरतात, मी घसरले तशा. माझी कसोटी साधी आहे. पुस्तक न वाचलेलं मूल या वाक्यावर दोन मिनिटं बोलू शकेल का? बोलू शकत असेल तर प्रस्ताव फाडून टाका.

‘लोभ वाईट असतो’ : बाद. यावर कोणीही बोलेल.

‘सिल्व्हर वाईट माणूस आहे’ : थोडा बरा, पण ‘वाईट’ शब्दात घोळ आहे. मुलं शब्दाच्या अर्थावरच भांडत बसतात.

‘सिल्व्हरने जिमचा जीव वाचवला तो स्वतःची मान सोडवण्यासाठी’ : हा चालेल. यात एक ठरावीक कृती आहे आणि तिच्यामागच्या हेतूबद्दल दावा आहे. कृती पुस्तकात कुठे आहे ते दाखवता येतं. हेतू मात्र कुठेही सरळ लिहिलेला नाही, तो बोलण्या-वागण्यावरून काढावा लागतो. कादंबरी वाचणं म्हणजे बव्हंशी हेच काम.

प्रस्ताव तयार झाला की तुम्ही स्वतः दोन्ही बाजूंचे तीन-तीन दाखले काढून बघा. एका बाजूला एकच सापडला तर वाक्य बदला. हे टाळू नका. एकदा मी टाळलं होतं आणि एका गटातली मुलं अर्ध्या तासात रडवेली झाली, कारण त्यांच्या बाजूने बोलायला पुस्तकात खरोखर काही नव्हतं.

हेतूवरचे प्रस्ताव हाताशी बसले की पुढे दोन प्रकार घेता येतात. एक निवेदकावरचा : ‘जिम स्वतःबद्दल खरं सांगतो, पण सगळं सांगत नाही.’ दुसरा शेवटावरचा : ‘सिल्व्हरला निसटू देणं ही लेखकाची पळवाट आहे.’ दुसरा कठीण आहे. तेरा-चौदाच्या आधी तो शक्यतो नको.

बाजू चिठ्ठ्या टाकून

कोण बाजूने, कोण विरोधात हे मुलांना निवडू देऊ नका. चिठ्ठ्या टाका. हवी ती बाजू मिळालेलं मूल आधीच माहीत असलेलं मत घोकतं. नको ती बाजू मिळालेलं मूल पुस्तक उघडतं, कारण त्याच्याजवळ दुसरं काहीच नसतं.

प्रत्येक बाजूला तिघं. बाकीच्यांना नुसतं प्रेक्षक करून बसवू नका. दोघांना ‘पानशोधे’ करा. कोणी दाखला दिला की त्यांनी पान काढून तो परिच्छेद मोठ्याने वाचायचा. बुजऱ्या मुलांना हे काम फार आवडतं, कारण स्वतःचं काही न बोलता सभा त्यांच्या हातात असते. आमच्याकडची एक मुलगी चार सभा नुसती पानशोधी होती. पाचव्या सभेत तिने आपणहून बोलायला मागितलं, आणि इतके दिवस सगळ्यांची पानं काढून काढून अर्धं पुस्तक तिला पाठ झालं होतं.

तयारी : मुद्दा, दाखला, दुवा

१९५८ मध्ये स्टीफन टूल्मिन या तत्त्वज्ञाने युक्तिवादाची फोड करून दाखवली : दावा, त्याचा आधार, आणि आधारावरून दाव्यापर्यंत नेणारा पूल. मुलांसाठी मी त्याला मुद्दा, दाखला आणि दुवा म्हणते. मुद्दा मुलं मांडतात. दाखला चिठ्ठीमुळे मिळतो. दुवा मात्र गाळतात, दर वेळी गाळतात. ‘सिल्व्हर स्वार्थी आहे. प्रकरण २८ बघा.’ बस्स, खाली बसले! त्या प्रकरणातलं नेमकं काय स्वार्थ दाखवतं, ते का दाखवतं, हे त्यांना उघडच वाटतं.

एक दाखला जवळून बघू. आठव्या प्रकरणात सिल्व्हर जिमला सांगतो की तू लहान असलास तरी मोठा हुशार आहेस. जिम खूश होतो आणि वाचणारं मूलही. मग जहाजावर जिम सफरचंदांच्या पिंपात शिरतो आणि अकराव्या प्रकरणात आतूनच चाच्यांचा कट ऐकतो. त्या वेळी सिल्व्हर एका तरुण खलाशाला आपल्या बाजूला ओढत असतो, आणि कौतुकाचे तेच, अगदी तेच शब्द वापरतो. जिमला कशाचा राग येतो? कटाचा येतोच, पण त्याआधी या शब्दांचा.

‘स्वतःसाठी वाचवलं’ या बाजूच्या मुलांना हे सापडलं की ती टेबलावर हात आपटतात. आता दुवा विचारा. एका मुलाने आधी सांगितलं, ‘तो सगळ्यांशी गोड बोलतो.’ मी विचारलं, ‘मग?’ तो म्हणाला, ‘म्हणजे तो खोटारडा आहे.’ ‘मग?’ जरा वेळ गेला. ‘म्हणजे कौतुक हे त्याचं हत्यार आहे. ज्याचा उपयोग होईल त्याच्यावर तो ते चालवतो. मग २८ मध्ये त्याने जिमचं कौतुक केलं तरी त्यावर विश्वास कसा ठेवायचा?’ हा झाला दुवा. अकराव्या प्रकरणापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत त्या पोराने पूल टाकला. त्यासाठी मी दोनदा ‘मग?’ म्हणाले, एवढंच.

दुसऱ्या बाजूकडेही कमी ऐवज नाही. अठ्ठाविसाव्या प्रकरणात जिम चुकून चाच्यांच्या तावडीत सापडतो आणि बाकीचे त्याच्यावर उठतात तेव्हा सिल्व्हर आडवा येतो. हा पोरगा तुमच्यातल्या कुठल्याही दोघांपेक्षा जास्त मर्द आहे, अशा अर्थाचं तो सगळ्यांसमोर बोलतो. इथे त्याच मुलाचा मुद्दा उलटा करता येतो : अकराव्यात कौतुक ज्याचं केलं त्यालाच पटवायला होतं. इथे ते चिडलेल्या चाच्यांना सुनावलं आहे, आणि त्यात सिल्व्हरचं नुकसानच आहे. पण त्याच प्रकरणात पुढे तो जिमशी कुजबुजत सौदाही करतो : मी तुला यांच्यापासून वाचवतो, तू मला फासापासून वाचव. एकाच प्रकरणात दोन्ही बाजूंचा दारूगोळा! असं प्रकरण सापडलं की सभा तिथेच रंगते.

तयारीचं शेवटचं काम म्हणजे पूर्वपक्ष. आपले जुने शास्त्रकार स्वतःचा सिद्धान्त मांडण्याआधी विरोधकाचं म्हणणं मांडत, त्याचं हे नाव. प्रत्येक गटाने समोरच्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा कागदावर लिहायचा. सभेच्या आधी ते कागद अदलाबदल करायचे आणि ‘हेच तुमचं म्हणणं ना?’ असं विचारायचं. ‘नाही, तुम्ही आमचं म्हणणं पातळ केलंत’ असं उत्तर आलं तर पुन्हा लिहायचं.

सभेचा दिवस

जागतिक शालेय वादविवादाच्या पद्धतीत प्रत्येक बाजूला तीन वक्ते असतात आणि मुख्य भाषणं आठ-आठ मिनिटांची. तीन वक्ते घ्या, आठ मिनिटं घेऊ नका. अकरा-बारा वर्षांचं मूल आठ मिनिटं बोलायला लागलं की तिसऱ्या मिनिटाला पुस्तक सुटतं आणि भाषण सुरू होतं.

माझं वेळापत्रक असं : दोन्ही बाजूंच्या पहिल्या वक्त्यांना तीन-तीन मिनिटं, फक्त मुद्दे आणि दाखले. मग पाच मिनिटं कुजबूज, गटात ठरवायला. मग दुसऱ्या वक्त्यांना तीन-तीन मिनिटं, समोरच्यांचा निदान एक मुद्दा खोडून. त्यानंतर दहा मिनिटं खुली, ज्याला वाटेल त्याने उठावं, पण पान घेऊन. शेवटी तिसऱ्या वक्त्याला दोन-दोन मिनिटं, त्यात नवा दाखला नाही. पानं काढायला जाणारा वेळ धरून पाऊण तास.

बोलण्याआधी प्रत्येकाने समोरच्याच्या शेवटच्या म्हणण्याचं एक वाक्य करून सांगायचं, हा नियम पहिल्या सभेपासून लावा. ‘तू म्हणालीस की…’ यामुळे वेग निम्म्यावर येतो आणि आवाजही.

तुम्ही गप्प बसा. खरंच. मला हे शिकायला दोन वर्षं लागली. मूल चुकीचं वाचतंय हे दिसत असतं आणि जीभ शिवशिवते. थांबा, पानशोधे आहेत, समोरचा गट आहे. तुमच्या तोंडी तीनच गोष्टी : ‘पान?’, ‘मग?’ आणि वेळ संपली. चौदाव्या प्रकरणात सिल्व्हर एका इमानी खलाशाला मारून टाकतो, हे एकदा अख्खा एक गट विसरला होता. मी दात-ओठ चावत बसले. विसाव्या मिनिटाला समोरच्या एका मुलीने ते पान उघडलं. माझ्या तोंडून आलं असतं तर ती माहिती झाली असती. तिच्या तोंडून आलं तेव्हा खोली सुन्न झाली.

मग बाजू बदला

पुढच्या बैठकीत तोच प्रस्ताव, तेच गट, उलट बाजू. मुलं कुरकुरतात, ‘परत तेच?’ कुरकुरू द्या. पहिल्या वेळी समोरच्यांचे जे दाखले डोक्यात गेले ते आता आपले म्हणून वापरावे लागतात, आणि वापरताना त्यांची ताकद कळते. वेळ एकाच सभेपुरता असेल, तर निदान शेवटची दहा मिनिटं तरी बाजू बदलून बोलायला लावा. वादविवादाचा खरा उपयोग मला इथेच जास्त दिसला आहे, त्यामुळे बाकी काही गाळलंत तरी हे गाळू नका.

शेवटी दहा मिनिटं शांतपणे लिहायचं. कोण जिंकलं यावर मतदान नाही. एकच प्रश्न : माझं मत कुठे हललं आणि कोणत्या पानामुळे? ‘हललं नाही’ हेही उत्तर चालतं, पण मग ज्याने जवळजवळ हललं होतं ते पान लिहायचं. हे कागद जपून ठेवा. सहा महिन्यांनी मुलाला त्याचे जुने कागद दाखवले की तुम्हाला प्रगतिपुस्तक लिहावं लागत नाही.

नेहमी अडतं ते

एखादं मूल सिनेमा बघून येतं आणि पुस्तकात नसलेला प्रसंग ठोकून देतं. ओरडू नका, पान मागा. ते स्वतःच हसतं.

एकच जण सगळा वेळ बोलतो. सगळ्यांना तीन-तीन बिया किंवा बटणं द्या. बोललं की एक टाकायचं, संपली की ऐकायचं.

दाखला खरा असतो पण अर्धा. वाक्याचा सोयीचा तुकडा उचललेला असतो. यावर उपाय पानशोध्यांकडेच : त्यांनी नेहमी अख्खा परिच्छेद वाचायचा, सांगितलेली ओळ नव्हे.

वाद पुस्तकातून घरात शिरतो. ‘तू पण तसाच आहेस.’ इथे मात्र लगेच थांबवा. बोलणं पात्रांबद्दल, एकमेकांबद्दल नाही.

घरी एकच मूल असेल तर? तर समोरची बाजू तुम्ही. दोघांच्याही हातात पुस्तक हवं आणि तुम्हीही ते खरंच वाचलेलं हवं. मुद्दाम हरू नका, मुलांना ते लगेच कळतं. दर रविवारी वीस मिनिटं, एका प्रकरणावर, आणि पुढच्या रविवारी बाजू उलट.

सगळं झाल्यावर मुलं विचारतातच, ‘पण तुम्हाला काय वाटतं?’ सगळ्यांचं लिहून झाल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. मागच्या खेपेला उघडलं. म्हटलं, मला वाटतं सिल्व्हरचा जीव त्या पोरात होता, आणि तेहतिसावं प्रकरण काढलं : खजिन्याचा खड्डा रिकामा निघालेला असतो, आता चाचे उलटणार हे दिसतं, आणि त्या क्षणी सिल्व्हर गुपचूप जिमच्या हातात पिस्तूल देतो. हातातलं हत्यार कोण कोणाला देतं, वगैरे मी रंगात येऊन बोलले. पानशोध्या मुलीने पुस्तक माझ्याकडून घेतलं. ‘पुढचं नाही वाचलंत,’ म्हणाली, आणि अख्खा परिच्छेद वाचायच्या नियमाप्रमाणे तिने पुढचं वाचलं. पिस्तूल हातात आल्यावर जिम त्याला कुजबुजत म्हणतो की म्हणजे पुन्हा बाजू बदललीस तर.

‘मग सिल्व्हर काय म्हणाला?’ मागून कोणीतरी विचारलं.

तिने ओळीवर बोट ठेवलं. ‘उत्तर द्यायला त्याला वेळच मिळाला नाही, असं लिहिलंय.’